स्वखुशीचा राजीनामा

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन पिकते, कारखाने उगवत नाहीत. म्हणून रिसोड-मानोऱ्याकडचे तरुण चाकण, रांजणगाव, वाळूज गाठतात. तिथे काम आटले की त्यांना सहसा कोणी काढून टाकत नाही, राजीनामा लिहून घेतात. ‘वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने.’ या दोन ओळी किती महागात पडल्या, हे घरात कोणी आजारी पडल्यावर कळते.

महिना २१,००० रुपयांपर्यंत कमावणाऱ्या कामगाराच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्यासाठी (‘ईएसआयसी’) पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून जास्तीत जास्त २४ महिने भत्ता मिळू शकतो आणि तेवढा काळ कुटुंबासह उपचारही. स्वखुशीने गेलेल्याला मात्र तिथे दार बंद. दुसरी, २०१८ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना रोख भत्ता देते, पण उभ्या आयुष्यात मिळून फार तर ९० दिवस. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर जगणाऱ्याने बेकारीही जपून वापरावी, अशी सरकारची अपेक्षा दिसते.

जे हातात असते तेही कोणी सांगत नाही. एप्रिल ते सप्टेंबरात ‘ईएसआयसी’ची किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा झाली असेल, तर नोकरी गेल्यावरही पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उपचाराचा हक्क राहतो. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते, आधी काढलेला प्रतीक्षाकाळही धरला जातो. फक्त अर्ज मुदतीत हवा आणि हप्ता स्वतःच्या खिशातून. सप्टेंबर २०२५पासून या हप्त्यावरचा जीएसटी माफ आहे. पगार थांबलेल्या माणसाला त्याचा आनंद किती व्हावा?

मग उरते गाव. शेतीसंकटाच्या १४ जिल्ह्यांत वाशिमची गणना झाल्याने इथल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून महात्मा फुले जनआरोग्य योजना मिळू लागली. आता तर ती सगळ्याच कार्डधारकांना खुली आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात नाहीत, पण शस्त्रक्रियेची वेळ आली तर मोठा आधार आहे. कारखान्याने काढून घेतलेले छत्र शेतीच्या दुर्दशेने मिळवून द्यावे, ही आपली सामाजिक सुरक्षा!

तिलाही एक फट आहे. शहरात वेगळे कार्ड काढायचे म्हणून अनेकांनी गावच्या कार्डातून नाव कमी करून घेतलेले असते आणि शहरातले कार्ड काही निघालेले नसते. तेव्हा अनुभवपत्राला प्लॅस्टिकचे कव्हर घालण्याआधी तहसीलच्या पुरवठा शाखेत एक चक्कर मारावी. दवाखान्याच्या खिडकीवर बापाच्या रेशनकार्डातले नाव विचारतात, कंपनीतला हुद्दा नव्हे.