परिषदेला जाताना आपला प्रश्न सोबत न्या

जळगाव-धुळ्याच्या मुस्लिम मोहल्ल्यांत आता वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं-मुली भेटतात. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय महाविद्यालय सुरू झालं, दोन्हीकडे खासगी कॉलेजं आहेत, युनानीची सोय आहे. नीटचा निकाल लागला की पेढे वाटले जातात, जमात सत्कार ठेवते, शाल घालते, फोटो पेपरात छापून येतो. पुढची साडेपाच वर्षं मात्र त्या मुलाकडे फारसं कुणी पाहत नाही. तो पास होतोय ना, एवढंच विचारलं जातं.

अशा मुलाने किंवा मुलीने परदेशातल्या एखाद्या विद्यार्थी परिषदेला जायचं म्हटलं, तर घरात आणि मोहल्ल्यात पहिला प्रश्न येतो, ‘तिथं जाऊन काय मिळणार?’ मुलगी असेल तर त्याला आणखी चार प्रश्न जोडले जातात. ‘काय मिळणार’ हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. ज्या घरात यंत्रमागाच्या मजुरीवर किंवा केळीच्या हंगामावर वर्षाचा हिशेब चालतो, तिथं तो विचारलाच पाहिजे. पण तो विचारून आपण उत्तर ऐकायला थांबत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी या परिषदा असतात काय ते पाहू. वैद्यकीय विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी जागतिक संघटना म्हणजे इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन्स, थोडक्यात आयएफएमएसए. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ मध्ये कोपनहेगनला युरोपातल्या काही देशांच्या विद्यार्थ्यांनी ती उभी केली. कालपरवापर्यंत एकमेकांशी लढलेल्या देशांतले हे विद्यार्थी होते. आज शंभराहून अधिक देशांतल्या विद्यार्थी संघटना तिच्या सदस्य आहेत. भारतातर्फे मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया तिथं असते. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये, सर्वसाधारण सभा भरते. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मानवी हक्क आणि शांतता, प्रजनन आरोग्य अशा विषयांच्या स्थायी समित्या आहेत. एका देशातल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात महिनाभर शिकायला जावं, अशी देवाणघेवाणही ही संघटना चालवते. २०१२ ची ऑगस्ट सभा आपल्या मुंबईत झाली होती. २०१४ ला ट्युनिशियातलं हम्मामेत, २०१५ ला तुर्कीतलं अंताल्या, २०१८ ला इजिप्तमधलं हुरघाडा इथं मार्चच्या सभा झाल्या. म्हणजे हे फक्त गोऱ्यांच्या देशातलं प्रकरण नाही.

माझ्या ओळखीतली धुळ्याची एक मुलगी अशाच एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषदेला जाऊन आली. नाव देत नाही, तिची तशी इच्छा आहे. वडील यंत्रमाग चालवतात. दहावीपर्यंतचं शिक्षण उर्दू माध्यमात झालं, एमबीबीएसला गेल्यावर पहिलं वर्ष इंग्रजी समजून घेण्यातच गेलं. परिषदेसाठी मदत मागायला वडील एका ट्रस्टकडे गेले, तेव्हा उत्तर मिळालं, ‘फी असेल तर देऊ, सैर-सपाट्याला नाही.’ शेवटी दोन नातेवाइकांनी कर्ज-ए-हसना म्हणून पैसे दिले आणि ती गेली.

परत आल्यावर मी तिला विचारलं, ‘बेटा, काय पाहिलंस?’ मला वाटलं होतं ती मोठी सभागृहं, बर्फ, विमानतळ असं काही सांगेल. ती म्हणाली, ‘मामू, पहिले दोन दिवस मी तोंडच उघडलं नाही. सगळे फाडफाड बोलत होते. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतली मुलंसुद्धा. मला वाटलं, मी इथं चुकून आले.’ तिसऱ्या दिवशी एका छोट्या गटात रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर चर्चा होती. तिथं ती बोलली, कारण तो विषय तिने पुस्तकाबाहेर पाहिला होता. वॉर्डात सातपुड्याकडून येणारी सिकलसेलची मुलं तिने पाहिली होती. हाडं दुखतात म्हणून रात्रभर रडणारी, पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागणारी मुलं.

तिच्या शेजारी सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या अल-अहसाचा एक विद्यार्थी बसला होता. त्याच्या जिल्ह्यातही हाच आजार. बोलता बोलता त्याने विचारलं, तुमच्याकडचा हॅप्लोटाइप कोणता? तिला उत्तर माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला, असं ती म्हणते.

हा मुद्दा थोडा उलगडून सांगतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकात एक बारीक बदल होतो. त्या बदलाच्या आजूबाजूला जनुकीय खुणांची जी ठेवण असते, तिला हॅप्लोटाइप म्हणतात. जगात तिचे पाच मुख्य प्रकार मानले जातात. चार आफ्रिकेतले आहेत : बेनिन, सेनेगल, कॅमेरून आणि बांटू. पाचव्याचं नाव आहे अरब-इंडियन. तो सौदीच्या पूर्व किनाऱ्याकडे आणि आपल्या देशात सापडतो. या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजार बऱ्याचदा सौम्य असतो. पण सौम्य म्हणून सोडून द्यावा असा तो नाही, मध्य भारतात त्याचे गंभीर रुग्णही भरपूर आहेत.

म्हणजे अल-अहसाच्या खजुरीच्या बागांत राहणारं कुटुंब आणि अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावर राहणारं कुटुंब यांच्या रक्तात एकच खूण आहे. धुळ्याची मुलगी आणि अल-अहसाचा मुलगा एका टेबलावर बसले म्हणून हे ज्ञान जन्माला आलं, असं नाही. ते पुस्तकात आहेच. पण पुढचा प्रश्न पुस्तकात नव्हता. तिने विचारलं, ‘मग तुम्ही लोकांना तपासणीसाठी तयार कसं केलंत?’

सौदीत २००४ पासून लग्नाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. तपासणी सक्तीची, निर्णय मात्र जोडप्याचा. दोघेही वाहक निघाले तरी सरकार निकाह अडवत नाही, फक्त समजावून सांगतं. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते, हे सांगितलं जातं. सुरुवातीला लोक ऐकत नव्हते. शादीचे हॉल ठरलेले, पत्रिका वाटलेल्या, मग तपासणीला काय अर्थ? हळूहळू लोक बोलणी पक्की होण्याआधी तपासणी करू लागले. पहिल्या सहा वर्षांत धोका असलेल्या जोडप्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. इराणने तर थॅलेसेमियासाठी असा कार्यक्रम १९९७ मध्येच देशभर नेला होता.

आता हे खानदेशात आणून पाहा. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा या समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. यावल, रावेर, चोपडा भागातला तडवी समाज हा इस्लाम मानणारा आदिवासी समाज आहे. तेव्हा हा ‘त्यांचा’ आजार म्हणून मुसलमानांना हात झटकता येत नाहीत. शिवाय आपल्यात चुलत-मामे-मावस भावंडांत निकाह होतात. शरियतने त्याला मनाई केलेली नाही, पण एकाच खानदानात वाहक जास्त असतील तर धोका वाढतो, हे विज्ञान सांगतं. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी होईल, कार्डही हातात पडेल. पण ते कार्ड लग्नाच्या बोलणीत बाहेर काढायची हिंमत कोण देणार? ते काम दवाखान्याच्या भिंतीबाहेरचं आहे. जुम्म्याच्या बयानातलं आहे, निकाहच्या फॉर्मवरचं आहे, मुलीच्या आईला समजावण्याचं आहे.

ही मुलगी परदेशातून हे घेऊन आली. ‘काय मिळालं?’ याचं माझ्या मते हे उत्तर आहे. तिला मिळालं, कारण ती जाताना आपल्या जिल्ह्याचा प्रश्न सोबत घेऊन गेली होती. प्रश्न न नेता गेलेला विद्यार्थी गळ्यात ओळखपत्र अडकवून फोटो काढतो आणि प्रमाणपत्र घेऊन येतो. अशा जाण्याला ट्रस्टवाले सैर-सपाटा म्हणत असतील, तर त्यांचंही फार चुकत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं आता घरी बसून ऑनलाइन मिळतं. माहिती मिळते, हे खरं. पण ‘लोकांना कसं तयार केलंत’ हा प्रश्न अनोळखी माणसाला विचारायला आणि त्याने आपल्या अपयशासकट खरं उत्तर द्यायला चार दिवस एकत्र जेवावं लागतं. दुसरा आक्षेप असा की, अशी मुलं पुढे परदेशातच राहतात. काही राहतात. पण जी मुलं जाण्याचं ठरवूनच बसली आहेत, ती परिषदेला न जाताही जातात. उलट आपला जिल्हा जगाच्या नकाशावर कुठे बसतो हे ज्याला कळलं, त्याला इथं थांबण्याचं एक कारण तरी सापडतं. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईहून वैद्यकीय पथक घेऊन बाल्कन युद्धातल्या जखमी तुर्की सैनिकांसाठी गेले आणि पुढच्या वर्षी परतले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथेच १९४२ मध्ये वारले. दोघेही दुसऱ्याच्या दुखण्यासाठी गेले होते. त्यांना कुणी सैर-सपाटा म्हणालं नाही.

पैशाची अडचण मात्र खरी आहे आणि ती गरिबालाच जास्त छळते. शेंगेन व्हिसाची फीच ९० युरो आहे. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. बँकेत शिल्लक दाखवावी लागते, ती यंत्रमाग कामगाराच्या खात्यात कुठून येणार? कागदपत्रांसाठी मुंबईच्या खेपा वेगळ्याच. बड्या शहरातल्या डॉक्टरांच्या मुलाला हे एका फोनचं काम असतं. म्हणून जागतिक परिषदेत भारताच्या नावाने बोलणारा आवाज बहुतेक वेळा महानगराचा असतो आणि सातपुड्याच्या मुलांविषयी बोलायला सातपुडा पाहिलेलं कुणी तिथं नसतं.

दुसरी अडचण फसवणुकीची. ‘आपली निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा’ असे ईमेल विद्यार्थ्यांना सर्रास येतात. हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा केला होता. त्यात नियतकालिकांबरोबर परिषदांचाही मुद्दा होता, नामवंतांच्या सहभागाच्या खोट्या जाहिराती केल्याचा. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी डॉक्टर होतंय, त्याला खरं-खोटं सांगणारा कुणी नसतो. एक साधी खूण लक्षात ठेवा. आयएफएमएसएच्या सभेचा रस्ता त्या देशाच्या सदस्य संघटनेतून जातो, अनोळखी ईमेलमधून नाही. इतर कुठल्याही परिषदेचं निमंत्रण आलं तर पैसे भरण्याआधी आपल्या विभागप्रमुखांना दाखवा.

तिसरी अडचण मनातली. ‘मी इथं चुकून आले’ हे वाटणं. ते परदेशातच होतं असं नाही. जळगावची डॉ. पायल तडवी, मुस्लिम आदिवासी समाजातून स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचलेली मुलगी, मे २०१९ मध्ये मुंबईत आपला जीव गमावून बसली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्या प्रकरणात आहे. आपली मुलं जिथं जातात तिथं त्यांना ‘तू इथली नाहीस’ असं कुणी ना कुणी सांगतच असतं. म्हणून त्यांच्या पाठीशी आपण आहोत हे त्यांना जाण्याआधी कळलं पाहिजे. सत्काराची शाल त्यासाठी पुरत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. पहिली, विद्यार्थ्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच आपल्या जिल्ह्याचा एक प्रश्न धरावा. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी त्यातून विद्यावेतन मिळतं. धुळ्या-जळगावच्या मुलांनी त्यासाठी अर्ज करावा, त्यातूनच परिषदेत मांडण्यासारखं काम उभं राहतं. दुसरी, आपल्या ट्रस्टांनी आणि व्यापाऱ्यांनी फीच्या जोडीला प्रवासासाठी छोटा बिनव्याजी निधी ठेवावा. सगळ्यांना नको, ज्याच्या हातात काम आहे त्यालाच द्यावा. मुलगी आहे म्हणून तिचा अर्ज बाजूला ठेवू नये. आणि तिसरी, जाऊन आलेल्याने परतल्यावर दोन महिन्यांत मोहल्ल्यात, शाळेत, मदरशात किंवा पाड्यावर बसून, आपल्या भाषेत, जे शिकलो ते सांगावं. मराठीत, उर्दूत, अहिराणीत, जशी गरज पडेल तसं.

धुळ्याच्या त्या मुलीने सुरुवात केली आहे. रमजानआधी तिने मोहल्ल्यातल्या बायकांची एक बैठक घेतली, सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी निकाहच्या बोलणीआधी का करावी हे समजावलं. वीसेक बायका आल्या होत्या. एकीने विचारलं, ‘रिपोर्ट खराब आला तर आमच्या मुलीला कोण करून घेईल?’ यावर तिच्याकडे तयार उत्तर नव्हतं. मुलाची तपासणीही तितकीच सक्तीची ठेवा, एवढंच ती म्हणाली. या बाईच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही परिषदेत मिळणार नाही. ते मशिदीच्या कमिटीने, काझींनी आणि मुलांच्या बापांनी द्यायचं आहे.