कुंडीतील यतना
पावसाळ्यात घरातील कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटे उडू लागतात. औषध फवारावे तर हिंसा, पिवळे चिकट कागद लावावेत तरी हिंसाच. मग श्रावकाच्या घरी काय करावे? जीवोत्पत्तीच होऊ न देणे, हीच खरी यतना.

ही चिलटे सतत ओल्या राहणाऱ्या मातीच्या वरच्या थरात अंडी घालतात. अळ्या बुरशी, कुजका पाला व कोवळी मुळे यांवर वाढतात. ३ ते ४ आठवड्यांत नवी पिढी उडू लागते. म्हणून पाणी वार ठरवून नव्हे, माती पाहून घालावे. वरची १ इंच माती बोटाला कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. बशीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. चहाचा चोथा कुंडीत टाकू नये. खत पूर्ण कुजलेलेच वापरावे. विकत आणलेले रोप ३ आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे.

उधारी थकल्यावर वसुलीस धावण्यापेक्षा ती थकू न देणे शहाणपणाचे, हे व्यापारी घरांस सांगावे लागत नाही. पाण्याचा संयम पाळल्यास रोपही टिकते आणि जीवहिंसेचा प्रसंगही येत नाही.