गृहशिक्षण आणि उसाच्या फडातील मुले

मुलांस शाळेत न घालता घरीच शिकविणारी काही कुटुंबे अलीकडे आपल्याकडे दिसू लागली आहेत. बीड जिल्ह्यातील असे एक घर आमच्या परिचयाचे आहे. तेथील दोघा मुलांचा उन्हाळा कसा गेला हे आम्ही एका बैठकीत सांगितले, तेव्हा एका विद्वान गृहस्थांनी, 'यास सहल म्हणावे. शिक्षण कशास म्हणता?' असा शेरा मारला. त्या शेऱ्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुलांनी केले काय? अंबाजोगाईस जाऊन त्यांनी दासोपंतांची (1551 ते 1615) पासोडी पाहिली. सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद कापडावर लिहिलेले ते 'पंचीकरण'! घरी येताच मुलांनी आजीचे नऊवारी लुगडे अंगणात पसरले. ते 27 फूट भरले. म्हणजे पासोडी त्याच्या जवळजवळ दीडपट. मग बोरूने चिंधीवर लिहू गेली, तो शाई फुटली. तांदळाची पेज लावून कापड वाळविले, तेव्हा कोठे अक्षर उमटले. पुढे बीडची खजाना बावडी पाहून त्यांनी चिखलाची विहीर व पपईच्या देठांचे नहर केले, आणि उतार दिल्यावाचून पाणी पुढे सरकत नाही हे हात भरवून घेऊन शिकली. गणित, रसायन व इतिहास ही तिन्ही यांत नाहीत, असे ज्यांस म्हणावयाचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हणून गौरविले, ती रमाबाई कोणत्या शाळेत गेली होती? तीर्थयात्रेची वाट तुडविता तुडविता तिच्या आईनेच तिला संस्कृत शिकविले.

परंतु या विद्वानांहून आम्हांस अधिक धास्ती वाटते ती गृहशिक्षणाच्या भाटांची. 'शाळा हवीच कशाला? जग हीच शाळा!' असे ते म्हणतात. त्यांनी एकदा दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील रस्त्यांवर उभे राहावे. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास निघालेली दिसतील. जग पाहण्याचेच शिक्षण होत असते, तर या मुलांएवढी शिकलेली मुले दुसरी नसती! फडात वाढे गोळा करणाऱ्या अन् कोपीत धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या मुलीने पाहिले पुष्कळ असते. पण पाहिलेल्याविषयी तिला प्रश्न विचारील असे माणूस तिच्याजवळ नसते. रमाबाईच्या आईपाशी विद्या होती. उजाडण्यापूर्वी कोयता घेऊन जाणाऱ्या आईने मुलीस केव्हा शिकवावे? तिच्या मुलीस शाळाच हवी.

आणि शाळा तरी कशी आहे? सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांची निंदा आम्ही करीत नाही. पण जी मुले आईबापांबरोबर जातातच, ती गळीत आटोपून मार्च-एप्रिलात गावी परततात, आणि थोड्याच दिवसांत शाळेस उन्हाळ्याची सुट्टी लागते! पंचांग नव्हे हे, थट्टा आहे. ज्या दोन महिन्यांत एक घर आपल्या दोन मुलांस इतके शिकवू शकते, त्याच दोन महिन्यांत गावातील वीस मुले उंबराखाली बसून असतात.

'ऊन फार असते' ही सबब आम्ही ऐकली आहे. फडात काय सावली होती? सकाळी सहा ते नऊ शाळा भरवावी, शिक्षकांस त्या दिवसांचा वेगळा मोबदला द्यावा, आणि पाठ्यक्रम म्हणून लुगडे, बोरू व पपईचे देठ घ्यावेत. त्या घरच्या माउलीने येत्या उन्हाळ्यात आपले अंगण गावच्या मुलांस मोकळे करण्याचे आमच्यापाशी कबूल केले आहे. अंगण लहान आहे. दहाबारा मुलांपलीकडे मावणार नाहीत. शाळेचे पटांगण मोठे आहे. त्याची किल्ली मे महिन्यात कोणापाशी असते, एवढे शिक्षणखात्याने आम्हांस कळवावे.