आधीं वजन, कीं आधीं शस्त्रक्रिया ?

स्तनभार कमी करण्याची शस्त्रक्रिया वजन उतरविण्यापूर्वीं करावी कीं नंतर, असें एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारिलें आहे. घरांतील वडीलधारीं माणसें 'आधीं खाणें आवर' एवढेंच म्हणतात, असें त्या लिहितात. विषय संकोचाचा खरा. परंतु मान, खांदे व पाठ रात्रंदिवस दुखत असतां संकोच काय कामाचा?

शल्यवैद्यांचा सामान्य कल 'नंतर' असाच आहे, व तो सकारण आहे. स्तनांत ग्रंथी व मेद हीं दोन्ही असतात. प्रमाण प्रत्येकीचें निराळें. मेद अधिक असल्यास वजनाबरोबर आकारहि उतरतो. क्वचित् शस्त्रक्रियेची गरजच उरत नाहीं. उलट, आधीं शस्त्रक्रिया होऊन मागाहून पुष्कळ वजन उतरलें, तर त्वचा सैल पडून साधलेला आकार बिघडतो. शिवाय अतिस्थूल शरीरांत जखम भरून येण्यांत विघ्नें अधिक. म्हणून वजन उतरून कांहीं महिने स्थिर राहूं द्यावें, असें सांगतात.

परंतु ग्रंथींचाच अंश अधिक असेल, तर कितीहि उपास केले तरी भार फारसा हलत नाहीं. आणि ज्या भारानें भरभर चालणेंहि दुष्कर झालें, तो वाहणाऱ्या बाईस 'आधीं व्यायाम कर' म्हणणें आम्हांस तरी निर्दयपणाचें वाटतें. अशा वेळीं, प्रकृति शस्त्रक्रियेस योग्य असल्यास, ती आधीं करणेंच सयुक्तिक. पुढें आकार थोडा ओघळेल, कदाचित् पुन्हां शस्त्र लावावें लागेल, हें मात्र मनाशीं धरून ठेवावें.

अपत्याची इच्छा असल्यास तेंहि शल्यवैद्यांस आधींच सांगावें; या शस्त्रक्रियेनंतर अंगावरचें दूध कमी पडण्याचा संभव असतो.