लस बाटलीत असते, साथ गोठ्यात असते

२०२२ मध्ये गुजरात आणि राजस्थानात लंपी चर्मरोगाने गुरे मरू लागली, आणि वर्ष संपण्यापूर्वी देशातील मृत जनावरांचा अधिकृत आकडा एक लाखाच्या पुढे गेला. हा रोग अनोळखी नव्हता. भारतात त्याची पहिली नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली होती. तयारीसाठी तीन वर्षे मिळाली होती. ती कशी वापरली गेली, हा खरा प्रश्न आहे.

त्यावर नेहमीचे उत्तर असे की या रोगाची स्वतःची लस तेव्हा नव्हती. ते अर्धसत्य आहे. शेळ्यांच्या देवीची लस देशात उपलब्ध होती आणि पुढे तीच गुरांना टोचली गेली. उणीव होती ती रोग पहिल्याच गोठ्यात ओळखणाऱ्या नजरेची आणि पुढचे पाऊल न चुकणाऱ्या हातांची. लंपीचा विषाणू डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड यांच्या दंशातून पसरतो. माशीची सोंड जे करते, तेच एका जनावरातून काढून दुसऱ्यात खुपसलेली सुईही करू शकते. प्रत्येक जनावराला नवी सुई, हा साधा नियम घाईत मोडला तर रोग थांबवायला आलेलाच रोगाचा वाहक ठरतो. अशी शिस्त परिपत्रकाने येत नाही; ती सरावाने अंगवळणी पडते.

आफ्रिकन स्वाइन फीवरने तर लसीचा आधारच काढून घेतला. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात हा रोग आला तेव्हा त्यावर लस नव्हती. बाधित डुकरे वेदनारहित मारणे, मृतदेह खोल पुरणे, वाडा निर्जंतुक करणे, वाहतूक रोखणे आणि ज्याचे सर्वस्व गेले त्या पालकाशी माणुसकीने बोलणे, एवढेच उपाय हाती होते. यांतले एकही काम लेखी परीक्षेत गुण मिळवून येत नाही.

बुळकांडीचा इतिहासही हेच सांगतो. तिची लस १९२० च्या दशकातच मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत तयार झाली. देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम १९५४ मध्ये सुरू झाला. तरीही शेवटचा उद्रेक संपायला १९९५ उजाडले. लसीकरणाला गावोगावचा शोध आणि काटेकोर देखरेख यांची जोड मिळाली, तेव्हाच तो रोग गेला.

प्रशिक्षण मुळीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पशुवैद्यकीय पदवीत साथरोगशास्त्र आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात ‘विषाणू युद्ध अभ्यास’ ही राष्ट्रीय रंगीत तालीमही झाली. परंतु साडेसातशेहून अधिक जिल्ह्यांच्या देशात एका जिल्ह्यातील तालीम म्हणजे प्रारंभ. तिला पूर्तता म्हणणे ही आत्मवंचना होय.

ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर लाळ्या-खुरकूत आढळलेला नाही. तरीही त्या देशाने आपले पशुवैद्यक नेपाळमध्ये पाठवून खऱ्या बाधित जनावरांवर हा रोग ओळखायला शिकवले. ज्यांच्या घरी रोग नाही ते तो पाहण्यासाठी परदेशी जातात; ज्यांच्या गोठ्यात तो वारंवार येतो त्यांनी मात्र चित्रांवर भागवावे, ही विसंगती लाजिरवाणी आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी रंगीत तालीम सक्तीची व्हावी. तीत केवळ अधिकारी नकोत. पशुधन पर्यवेक्षक आणि लस टोचणारे कर्मचारीही हवेत, कारण पहिला आजारी बैल बहुधा त्यांनाच दिसतो. पदवी अभ्यासक्रमातील आंतरवासितेत एका तरी साथीचा प्रत्यक्ष तपास, नमुना घेण्यापासून तो शीतसाखळीतून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचेपर्यंत, पूर्ण करणे बंधनकारक असावे. आणि रोगाची वर्दी लवकर देणाऱ्याला जाब नव्हे, पाठबळ मिळावे.

२००९ च्या कायद्याने संसर्गजन्य रोगाची वर्दी देण्याचे कर्तव्य जनावराच्या मालकावर टाकले आहे. ते योग्यच आहे. पण वर्दी मिळाल्यावर येणाऱ्याला काय करायचे हे ठाऊक असणे, हे राज्याचे कर्तव्य आहे. पशुपालकाने आपले पाळावे आणि राज्याने आपले टाळावे, असा करार कोणत्याही गोठ्याने केलेला नाही.

#पशुआरोग्य #साथरोग #एकआरोग्य