सातबारा कोरा झाला, तरी पत परतत नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा होता. त्या सवलतींत शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती होती, तसेच सहकारी कर्जाचे पुनर्गठनही होते. चर्चा झाली ती स्थगितीची. पत टिकविण्याच्या दृष्टीने मोल होते ते पुनर्गठनाला. वसुली थांबली म्हणून थकबाकीचे दिवस मोजणे थांबत नाही. पुनर्गठनात मात्र पीककर्ज मुदतीच्या कर्जात बदलते, हप्ते नव्याने पडतात आणि खाते नियमित राहते. आधीच थकलेल्या खात्याला हा दरवाजा बहुधा बंद असतो, हीच खरी अडचण आहे.

कापूस हातचा गेला की विकास सोसायटीचे कर्ज थकते आणि नजर कर्जमाफीकडे लागते. २००८, २०१७ आणि २०१९ असा अनुभवही गाठीशी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३० जून २०२६ पर्यंत निर्णयाचे आश्वासन मिळाले, तेव्हा 'आता भरायचे कशाला' हा विचार बळावणे साहजिकच होते. २०१७ च्या योजनेत थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी आणि वेळेवर फेडणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजार, हा न्याय शेतकरी विसरलेला नाही. परंतु माफीने बाकी मिटते, विलंबाचा इतिहास मिटत नाही. एकरकमी तडजोड केली तर 'सेटल्ड' हा शेरा पडतो आणि पुढची बँक त्याला पूर्ण फेड मानत नाही.

पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, अशी तंबी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये बँकांना दिली. ती योग्यच, पण ट्रॅक्टर, घर किंवा मुलाने दोंडाईचात काढलेले दुकान यांसाठी कर्ज मागताना ३०० ते ९०० मधला तो आकडा पुन्हा आडवा येतोच.

मग मार्ग कोणता? पहिला अगदी साधा आहे. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल तर तक्रार करावी; ३० दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. दुसरा मार्ग संथ आहे. स्वतःच्या ठेवीवर किंवा सोने तारण ठेवून बँकेकडून लहानसे कर्ज घ्यायचे आणि तारीख न चुकवता फेडायचे. शहरातील वाचकाला हेच काम ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड करून देते. भिशीचे हप्ते वर्षानुवर्षे चोख भरले किंवा सावकाराची पै न् पै चुकती केली, तरी त्याची नोंद कुठेच होत नाही. गावात ज्याच्या शब्दाला किंमत आहे, तो बँकेच्या दारात अनोळखी ठरतो तो यामुळेच.

ज्यांचे खाते आधीच थकले आहे, त्यांनी तडजोडीची सूट घेण्याआधी पूर्ण फेड झेपते का, हे पाहावे आणि 'बंद' अशी नोंद व बेबाकी दाखला मागून घ्यावा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती दर पंधरवड्याला कळवणे बंधनकारक झाले. त्यामुळे फेडीची नोंद पूर्वीइतकी रेंगाळत नाही.