पानं जुळवायचा खेळ आणि आपले कामगंध सापळे

मंडळी, पोरं मोबाईलवर रंगीत गोळ्या जुळवत बसली की आपण ओरडतो. पण रंगीत पानं जुळवायचा असाच एक खेळ २०१३ साली याच फेसबुकवर आला होता, आणि तो झाडाच्या रोगावरचा होता. नाव 'फ्रॅक्सिनस'. गावात नोंदी घ्यायला येणाऱ्या कृषी सहायकांनी आणि ॲप बनवणाऱ्यांनी त्याची गोष्ट जरूर वाचावी, म्हणून लिहितोय.

इंग्लंडात ॲश नावाचं झाड रानात, बांधावर, रस्त्याकडेला सगळीकडे असतं. आपल्याकडे कडुनिंब असतो तसं. लाकूड चिवट, हत्यारांचे दांडे त्याचेच. २०१२ मध्ये तिथं या झाडावर मर आली. रोग बुरशीचा, बीजाणू वाऱ्यावर पसरणारे. पान काळवंडतं, शेंडा वाळतो, मग फांदीमागून फांदी जाते. आता जंगलभर फवारणी कोण करणार? रोग सोसणारी झाडं हुडकायची, आणि त्यासाठी बुरशीचा नि झाडाचा, दोघांचाही डीएनए वाचायचा, हीच वाट उरते.

डीएनए यंत्रातून बाहेर येतो तो तुकड्या-तुकड्यांत. ते तुकडे एकाखाली एक नीट लावायचे काम कॉम्प्युटर करतो, पण जिथं दोन नमुन्यांत फरक असतो नेमका तिथंच तो अडखळतो. माणसाचा डोळा तिथं बरा चालतो. म्हणून नॉर्विचच्या सेन्सबरी लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या चार अक्षरांना चार रंगांची पानं केली. ओळ डावीकडे-उजवीकडे सरकवायची, मध्ये जागा सोडायची, रंगाखाली रंग आणायचा. जुळलं की गुण. दुसऱ्यानं तुमच्यापेक्षा जास्त गुण काढले की तो नमुना त्याच्या नावावर. खेळणाऱ्याला बुरशीचं शास्त्र माहीत असायची गरजच नव्हती.

५१ आठवड्यांचा हिशेब त्यांनी पुढं छापला. ७८ टक्के ठिकाणी लोकांची जुळणी कॉम्प्युटरच्या तोडीची निघाली आणि १५ टक्के ठिकाणी त्याच्याहून सरस. साध्या माणसांनी, चहा पिता पिता! पण त्याच हिशेबात दुसरी गोष्टही सांगितली आहे. बहुतेक खेळाडू आले, थोडं खेळले नि गेले. जास्तीत जास्त काम मोजक्या, चिकाटीच्या लोकांनी केलं.

कुणी म्हणेल, हे फुकट राबवून घेणं झालं. मला तसं वाटत नाही. खेळणाऱ्याला काम कशाचं ते ठाऊक होतं. भुईमूग-मक्यातल्या अफलाटॉक्सिनचंच बघा. ते विष मोडणारं एन्झाइम घडवायचं कोडं २०१७ मध्ये 'फोल्डइट' या खेळात टाकलं, तेव्हा निघेल त्यावर कुणी पेटंट घेणार नाही हे आधीच सांगितलं होतं. व्यवहार चोख. तुमची पोरं असलं काही खेळत असतील तर खुशाल खेळू द्या.

माझी तक्रार वेगळी आहे. या गोष्टी ऐकून आपल्यासाठीही खेळ निघायला लागलेत. आमच्याकडे मागं एक ॲप आलं होतं. किडीचा फोटो टाका, गुण मिळवा, पहिला नंबर आला तर मोबाईलवर चकचकीत कप. पहिल्या आठवड्यात अख्खं गाव फोटो काढत होतं. एकाच बोंडाचे चार बाजूंनी चार फोटो, कारण चारपट गुण! महिन्याभरात सगळं थंड. आणि गावात अळी किती होती, कुठल्या शिवारात आधी आली, हे आम्हाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

ॲशचा खेळ खेळणाऱ्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं नव्हतं, म्हणून त्याला गुणांची गोडी लावावी लागली. आपल्याला कशाला लागते ती? गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारायचं, हे आपल्याला माहीत आहे. तो आठचा आकडा म्हणजे औषधाचा, मजुरीचा खर्च. शेजारच्या शिवारात परवा सहा होते आणि आज नऊ झाले, हे मला आज संध्याकाळी कळलं तर मी कप बिप मागणार नाही.

आणखी एक. फोटोला गुण दिले की शून्य हरवतं. ज्या सापळ्यात एकही पतंग नाही त्याचा फोटो कोण टाकणार? पण ते शून्य ही सुद्धा नोंद आहे. तिच्याशिवाय वाढ कधी सुरू झाली ते कळणारच नाही. पक्षी नोंदवणाऱ्या 'ईबर्ड'वर एक साधा प्रश्न विचारतात: दिसलेले सगळे पक्षी लिहिलेत का? हो म्हटलं की यादीत नसलेला पक्षी दिसला नाही, हेही त्यांना कळतं. किडीच्या ॲपवाल्यांना एवढं सुचू नये?

चांगलं उदाहरणही आहे. भारतात गहू, निकाराग्वात घेवडा, इथिओपियात ड्युरम गहू, अशा चाचण्या बायोव्हर्सिटी इंटरनॅशनलच्या लोकांनी शेतकऱ्यांकडून करून घेतल्या. प्रत्येकाला तीन वाणांच्या लहान पुड्या, वाणाचं नाव झाकलेलं. सांगायचं एवढंच, की तिन्हींत सरस कोणतं आणि सगळ्यात मागं कोणतं. वजनकाटा नको, फॉर्मची भेंडोळी नको. अशा १२,४०९ प्लॉटच्या नोंदी हवामानाशी जोडून २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं, की यातून निघालेली वाणांची शिफारस चालू शिफारशीपेक्षा सरस ठरते. शेवटी नावं उघडतात आणि आपल्या रानात कोणतं वाण चाललं ते शेतकऱ्याला कळतं. यातही खेळाची गंमत आहेच. पण बक्षीस म्हणून उत्तरच हातात येतं.

तर कृषी सहायक, विद्यापीठातली मंडळी, तुम्हाला सांगणं इतकंच: मागायचं ते थोडं मागा, एकाच शिवारातून दोघा-तिघांकडून मागा, आणि आकडा पीक उभं असतानाच परत द्या.

आम्ही चौघांनी यंदा पेरणीला ४५ दिवस झाले की एकरी दोन सापळे लावायचं ठरवलंय. दर तिसऱ्या दिवशी सकाळी आकडे याच पानावर टाकू, शून्य असलं तरी. तुमचे सापळे असतील तर खाली गाव, पेरणीची तारीख आणि ल्यूर कधी बदलली ते लिहा.